चार मैलांवरचा बंब: विद्यापीठाची ऊब कुठून आणायची, हे कधी आणि कुणी ठरवायचं?

ईडनकाठ

नमस्कार. माझा मामेभाऊ पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात शिकवतो. तिथे दोन नवी वसतिगृहं बांधायची आहेत आणि बांधकाम समितीत त्यालाही घेतलंय. परवा त्याचा फोन आला, "ताई, गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर बसवायचं, एवढंच ठरलंय. तिकडची विद्यापीठं हे कसं ठरवतात?" तासभर बोललो तरी बरंच राहून गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी भर घाला, आणि माझं कुठे चुकलं असेल तर तेही सांगा.

मी स्कॉटलंडमध्ये फाइफला राहते. कामाला सेंट अँड्र्यूजला जाताना बस गार्डब्रिज गावातून जाते. ईडन नदी समुद्राला मिळते तिथलं हे छोटं गाव. सहा कमानींचा जुना दगडी पूल अजून उभा आहे. पंधराव्या शतकात बिशप हेन्री वॉर्डलॉ यांनी तो बांधवून घेतला, आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठाला पहिली सनद दिली तीही याच वॉर्डलॉंनी. गावाचं आणि विद्यापीठाचं नातं असं सहाशे वर्षांचं आहे.

गावात १८७३ पासून कागदाची गिरणी होती. कित्येक घरांची चूल त्या गिरणीवर पेटायची. २००८ मध्ये ती बंद पडली. दोन वर्षांनी विद्यापीठाने ती जागा घेतली आणि तिथे लाकडाच्या चिप्सवर चालणारं ६.५ मेगावॉटचं उष्णता केंद्र उभं केलं. खर्च सुमारे अडीच कोटी पौंड. तिथे तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून चार मैल लांब सेंट अँड्र्यूजला जातं, मुख्यतः नॉर्थ हॉ भागातल्या विज्ञान विभागांकडे आणि वसतिगृहांकडे. तिथे आपली ऊब देऊन गार झालं की दुसऱ्या पाइपाने परत येतं आणि पुन्हा तापतं.

साताऱ्याला आमच्या न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. पहाटे आजी त्यात ढलप्या आणि चिपाडं सरकवायची आणि आम्ही भावंडं त्याच्या पोटाला हात लावून बसायचो. गार्डब्रिजच्या आवारात पहिल्यांदा ओल्या लाकडाच्या चिप्स हातात घेतल्या, नाकाशी धरल्या, आणि मला तो बंबच आठवला. तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की हा बंब चार मैलांवर आहे आणि त्याचं पाणी कुणाच्या अंगावर पडत नाही, फक्त फिरत राहतं.

आता मूळ प्रश्न: हे केंद्र शहरात का नाही? सेंट अँड्र्यूज मध्ययुगीन शहर आहे. अरुंद गल्ल्या, संरक्षित इमारती, पर्यटकांची गर्दी. तिथे चिमणी कुठे उभारणार आणि लाकडाचे ट्रक कुठून आत घेणार? गार्डब्रिजला आधीपासून औद्योगिक जागा होती, रस्ता होता, गिरणीच्या काळात अवजड गाड्यांची ये-जा होती. परवानगीच्या वेळी ही गोष्ट फार जड ठरते. नवं रान तोडून कारखाना उभारणं आणि ओसाड पडलेल्या गिरणीत पुन्हा काम सुरू करणं, या दोन अर्जांकडे गाव एकाच नजरेने बघत नाही.

इथे मोठ्या प्रकल्पाला थेट अर्ज टाकता येत नाही. अर्जाच्या निदान बारा आठवडे आधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, सूचना द्यावी लागते आणि गावात येऊन लोकांसमोर नकाशे मांडावे लागतात. अशा बैठकांना मी आवर्जून जाते. लोक साधेच प्रश्न विचारतात. धूर कुणीकडे जाणार? दिवसाला किती ट्रक? रात्री पंख्यांचा आवाज येईल का? खाडीतल्या पक्ष्यांचं काय? रस्ता किती महिने उकरलेला राहणार? हे सगळं अर्जाआधी कानावर येतं, म्हणून त्यातलं काही आराखड्यात उतरतं.

आणि सगळेच अर्ज असे सुरळीत जात नाहीत, त्याचंही उदाहरण इथेच आहे. याच विद्यापीठाची केनली इथली सहा पवनचक्क्यांची योजना फाइफ कौन्सिलने नाकारली. पुढे २०१३ मध्ये अपिलात मंजुरी मिळाली, पण जवळच्या लष्करी तळाच्या रडारचा प्रश्न आडवा आला. एकच विद्यापीठ, एकच कौन्सिल, दोन वेगळी नशिबं.

मामेभावाला मी एवढंच सांगितलं: यंत्र कोणतं घ्यायचं ते नंतर बघा. उष्णता कुठे तयार होणार आणि पाइप कुठून जाणार, ते नकाशावर आधी काढा. मंडळींना काय वाटतं?

पाइपवाला

ईडनकाठताई, मी डेन्मार्कमध्ये याच कामात आहे, म्हणून पाइपाबद्दल लिहितो. लोकांना वाटतं चार मैलांत पाणी थंड होऊन जाईल. तसं होत नाही. आत पोलादी नळी, तिच्याभोवती पॉलियुरेथेनचा पिवळसर फेस, त्यावर प्लास्टिकचं काळं जाड कवच. फेसात तांब्याच्या तारा असतात. कुठे ओल शिरली तर तारांतून कळतं आणि तेवढाच तुकडा उकरता येतो. पाइप जितका जाड आणि प्रवाह जितका भरपूर, तितकी दर लिटरमागची घट कमी. मोठ्या वाहिनीत काही मैलांमागे एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो.

६.५ मेगावॉट म्हणजे किती पाणी, ते बघा. जाताना आणि येताना ३० अंशांचा फरक धरला तर सेकंदाला साधारण ५२ लिटर. दर सेकंदाला अडीच बादल्या. हा फरक जितका मोठा ठेवाल तितका पाइप बारीक लागतो आणि पंपाची वीज वाचते. म्हणून आमचं निम्मं भांडण इमारतीच्या आतल्या लोकांशी असतं: पाणी परत पाठवताना नीट गार करून पाठवा.

इथे १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला. कुठल्या भागात सामायिक उष्णता (एका केंद्रातून पाइपाने घराघरांत) जाणार आणि कुठे गॅस, हे नगरपालिकांनी नकाशावर ठरवायचं. आज जवळपास दोन तृतीयांश घरांना सामायिक उष्णता मिळते. यंत्रं पुष्कळ बदलली, कोळसा गेला, कचरा आला, लाकूड आलं, आता मोठे हीट पंप (विजेवर एकीकडची ऊब ओढून दुसरीकडे देणारी यंत्रं) येताहेत. पाइप मात्र तेच आहेत. तुमचं "नकाशावर आधी काढा" मला शंभर टक्के पटतं.

वनराई_सई

मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहिते. लाकूड जाळण्याला आपण इतक्या सहज नवीकरणीय कसं म्हणतो? स्कॉटलंडमध्ये लागवडीतला सिटका स्प्रूस तोडायला यायला पस्तीस-चाळीस वर्षं लागतात. आज जाळलं की कार्बन आज बाहेर पडतो, तो परत झाडात जायला पुढची पिढी उजाडते. शिवाय धुरातले बारीक कण. आपल्याकडे चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ताईंची आजी बंबासमोर बसायची, पण तो धूर तिच्याच नाकात जायचा ना?

ईडनकाठ

सई, हो, जायचा. तिचा खोकला मला आठवतो.

तुझा मुद्दा मी टाळणार नाही. गार्डब्रिजला लाकूड पन्नास मैलांच्या आतून आणायचं असं धोरण आहे. विरळणीचं आणि फर्निचरला न चालणारं लाकूड यात वापरलं जातं. समुद्रापारहून जहाजाने लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आणण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण असे डझनभर बंब झाले तर जवळचं लाकूड पुरणार नाही, हे मलाही दिसतंय. ज्या जागी जवळ लाकूड आहे, मोकळी औद्योगिक जागा आहे आणि चिमणीवर नीट गाळणी बसवून ती तपासणारी यंत्रणा आहे, तिथेच हा मार्ग शोभतो. भावाला मी लाकूड सुचवलेलं नाही.

ट्रकांचा हिशेबही देते, कारण गावात तोच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. तीस टक्के ओलाव्याच्या एक किलो चिप्समधून साधारण साडेतीन युनिट उष्णता मिळते. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पूर्ण भाराला तासाला सव्वादोन टन, दिवसाला पन्नासेक टन. पंचवीस टनी दोन ट्रक. तेही ऐन हिवाळ्यात, उन्हाळ्यात त्याहून कितीतरी कमी. असा हिशेब कागदावर मांडला की भीतीला आकार येतो आणि बोलणं पुढे सरकतं.

माझ्या मनातला सल वेगळा आहे. ही योजना आखली गेली ती विद्यापीठासाठी. एवढी मोठी वाहिनी टाकताना वाटेवरच्या वस्तीला जोडण्याचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. आता स्कॉटलंडमध्ये तशी दिशा आली आहे. २०२१ मध्ये उष्णता जाळ्यांचा कायदा झाला, कुठला भाग अशा जाळ्याला योग्य ते कौन्सिलांना तपासावं लागतं. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन आराखड्यात तर असंही आहे की ठरलेल्या क्षेत्रातली नवी इमारत जाळ्याला जोडता येईल अशीच आखायची. विद्यापीठाच्या बंबाची ऊब शेजारच्या शाळेला आणि दवाखान्यालाही मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मन्सीकर

आमच्या गावची गोष्ट सांगते. अमेरिकेत इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे, तिथे बॉल स्टेट विद्यापीठ. कोळशाचे चार जुने बॉयलर होते, वर्षाला सुमारे ३६,००० टन कोळसा लागायचा. ते मोडकळीला आले तेव्हा पहिला विचार काय झाला? नवा, जास्त कार्यक्षम, पण कोळशाचाच बॉयलर. राज्याने पैसेही मंजूर केले होते. निविदा उघडल्या तर आकडे आवाक्याबाहेर. तिथे काम थांबलं आणि सगळा विचार मुळापासून पुन्हा झाला.

२००९ मध्ये जमिनीत भोकं पाडायला सुरुवात झाली. एकूण सुमारे ३,६०० बोअर, प्रत्येक ४०० ते ५०० फूट. आपल्या बोअरवेलसारखीच, पण पाणी काढायला नव्हे. आत प्लास्टिकची नळी यू आकारात सोडतात, तिच्यातलं पाणी बंद चक्रात फिरतं. उन्हाळ्यात इमारतींची उष्णता खाली जमिनीत साठवायची, हिवाळ्यात हीट पंपाने ती वर काढायची. ४७ इमारती त्यावर चालतात. २०१४ मध्ये कोळसा जाळणं बंद झालं.

माझा नवरा तेव्हा तिथे शिकत होता. तो सांगतो, मैदानांवर ओळीने ड्रिलची यंत्रं उभी असायची, जिकडेतिकडे राखाडी चिखल, चालायचे रस्ते महिनोन्‌महिने बदललेले. पुढे सगळं बुजवून वर गवत लावलं आणि आज पाहुण्यांना दाखवायला गेलं तर दाखवण्यासारखं जमिनीवर काहीच नाही.

समितीतल्या दादांना माझं सांगणं: पहिल्या निविदेचे आकडे बघून खचू नका. त्या थांबलेल्या काळातच आमच्याकडे चांगला निर्णय झाला.

बेएरिया

पुण्याला स्कॉटलंडपेक्षा स्टॅनफर्डचं उदाहरण जास्त जवळचं आहे असं मला वाटतं, कारण तिथे थंडी बेताची आणि इमारती गार करण्याची गरज मोठी.

स्टॅनफर्डला १९८७ पासून गॅसवर वीज आणि वाफ करणारं केंद्र होतं. त्याची मुदत संपत आल्यावर अभियंत्यांनी तासातासाची नोंद काढून बघितली. तेव्हा दिसलं की एका बाजूला संगणकांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा गार करून त्यांची उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतोय आणि त्याच तासाला दुसऱ्या बाजूला गॅस जाळून पाणी तापवतोय. वर्षातला बराच काळ हेच चालू. मग तीच उष्णता पकडून गरम पाण्याला द्यायची असं ठरलं. २०१५ मध्ये नवं केंद्र सुरू झालं, खर्च ४८.५ कोटी डॉलर. वाफेचे जुने पाइप काढून वीस मैलांहून जास्त गरम पाण्याचे पाइप टाकले, दीडशेच्या वर इमारतींच्या आतली जोडणी बदलली. शेजारी गरम आणि गार पाण्याच्या प्रचंड टाक्या आहेत. म्हणजे उष्णता मिळते त्या तासालाच ती वापरली पाहिजे असं नाही.

पुण्यातल्या महाविद्यालयात सर्व्हर रूमचा एसी चोवीस तास चालतो आणि त्याचा गरम वारा बाहेरच्या भिंतीवर आदळतो. शंभर पावलांवर वसतिगृहात पोरं सकाळी गिझरसाठी ताटकळतात. या दोन गोष्टी एका नकाशावर कुणी काढून बघितल्या आहेत का?

रेक्टर_वसतिगृह

बेएरियांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी अकरा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, पण जे झालं ते लिहितो.

इमारत पुरी झाली, भोगवटा प्रमाणपत्राची वेळ आली तेव्हा कुणाला तरी आठवलं की सोलर दाखवावं लागेल. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत वसतिगृहांना सौर पाणी तापवण्याची तरतूद आहेच, आणि त्याआधीही पुण्यासारख्या शहरांत असे नियम होते. मग घाईघाईने गच्चीवर काचेच्या नळ्या बसवल्या. गरम पाण्याचा उभा पाइप आतून न्यायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून तो बाहेरून भिंतीवर नेला, उत्तरेच्या बाजूने. त्यावर आवरण घातलं ते दोन पावसाळ्यांत गळून पडलं.

डिसेंबरात पहाटे साडेपाचला मी स्वतः तळमजल्यावर बादली लावून मोजलं आहे. पहिल्या सात बादल्या थंडगार. आठवी कोमट. नवव्या बादलीला हात पोळेल असं पाणी. तोवर दीडशे लिटर पाणी मोरीत गेलं, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर यायचा. वरच्या मजल्यावरची मुलं साडेसहापर्यंत टाकी रिकामी करायची, मग खालची मुलं खोलीत रॉड लावायची. एकदा एका मुलाला त्या रॉडचा शॉक बसला. थोडक्यात वाचला. त्या रात्री मला झोप आली नाही.

बोअरच्या पाण्याने तिसऱ्या वर्षी नळ्यांत क्षार धरला. पाचव्या वर्षी शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि सकाळी दहापर्यंत अर्ध्या पॅनेलवर सावली. तिचा नकाशा मंजूर करताना आमच्या गच्चीवर काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

सोलर वाईट नाही हो. ते शेवटी, उरलेल्या जागेत बसवलं, हे वाईट झालं.

पाइपवाला

रेक्टरसर, तुमच्या सात थंड बादल्यांवर उपाय सोपा आहे आणि तो नकाशातच करायचा असतो: परतीचा पाइप. गरम पाणी वरून खाली येऊन, न वापरलेलं परत टाकीत जाईल असं चक्र ठेवायचं. छोटा पंप पहाटे पाच ते आठ चालवायचा. दोन्ही पाइपांना आवरण, आणि ते आतल्या शाफ्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून.

ऊर्जेचा हिशेबही देतो. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४३ वर न्यायला साधारण ०.५८ युनिट. चारशे मुलं म्हणजे रोज सुमारे २३० युनिट. हेच हीट पंपाने केलं आणि त्याने एका युनिटला तीन युनिट उष्णता दिली तर ७७ युनिट. आणि तो हीट पंप सर्व्हर रूम गार करूनच ती उष्णता घेत असेल तर एसीचीही वीज वाचली. पाइपातली घट वेगळी धरा.

ऊसपट्टा

मी कोल्हापूरकडचा, साखर कारखान्यात नोकरी केली. आपल्या भागाचा एक विचार मांडतो. प्रवरानगर, वारणानगर अशा ठिकाणी कारखाना आणि महाविद्यालयं शेजारी-शेजारी आहेत. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना त्याची वाफ होते, मग गरम पाणी होतं, आणि बॉयलरला लागेल तेवढं वापरून उरलेलं गार करून सोडावं लागतं. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, तर आम्ही जाळतोच.

गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. थंडीही तेव्हाच. मुलांना गरम पाणी हवं असतं नेमकं त्याच महिन्यांत कारखान्याकडे ते जास्तीचं असतं. ते पाणी थेट आंघोळीला चालणार नाही, त्यात साखरेचा अंश असू शकतो. पण मधे उष्णता विनिमयक बसवून फक्त ऊब पुढे द्यायची आणि पाणी आपापल्या बाजूला ठेवायचं. हे स्कॉटलंडच्या चार मैलांपेक्षा कितीतरी सोपं आहे. कारखान्याची संचालक मंडळी आणि संस्थेची मंडळी बहुतेक ठिकाणी एकमेकांना रोज भेटतात. तो विषय निघत नाही, एवढंच.

वनराई_सई

ऊसपट्टा काका, हे मला मनापासून आवडलं. इथे नवीन काहीच जाळायचं नाही. कारखाना बंद असेल त्या महिन्यांत मुलं तशीही थंड पाण्यानेच आंघोळ करतात, राहिलेलं सोलर भागवेल.

समितीतला

नमस्कार, ज्याच्यामुळे ताईने धागा काढला तो मामेभाऊ मीच. रात्री सगळं वाचून काढलं आणि रेक्टरसरांचा प्रतिसाद छापून आजच्या बैठकीत नेला. सात थंड बादल्यांचं वाचून दाखवलं तेव्हा आमच्या मेसच्या मावशी, ज्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच आहे की. आम्ही तर भांडी घासायलाही ते पहिलं पाणी भरून ठेवतो."

नकाशे अजून मंजुरीला गेलेले नाहीत. आर्किटेक्टनी तीन गोष्टी मान्य केल्या. दोन्ही वसतिगृहांत मोरीच्या रांगेला लागून आतला शाफ्ट. परतीचा पाइप. आणि संगणक विभागापासून वसतिगृहांपर्यंत झाकणाचा चर, आज हीट पंपाचे पैसे नसले तरी. खजिनदारांचा आक्षेप होता, न वापरायच्या चरावर आता खर्च कशाला. मी म्हणालो, वरचा काँक्रीटचा रस्ता पुढच्या वर्षी होणार आहे, नंतर तोच फोडावा लागेल. त्यावर ते गप्प झाले, पण मंजुरीचा शिक्का अजून पडलेला नाही. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना बैठकीला बोलवायचं मी सुचवलं, त्यावर पुढच्या मंगळवारी चर्चा आहे.

पाइपवाला दादा, आर्किटेक्ट चराची रुंदी विचारताहेत. अंतर १४० मीटर, दोन वसतिगृहांची मिळून ८०० मुलं. किती धरू?

पाइपवाला

आवरणासकट दोन पाइप, दोन्हींच्या मधे आणि कडेला हात जाईल इतकी जागा, आणि एका बाजूला पुढे केबल टाकायला पट्टी. आतून ९०० मिमी रुंद धरा, खोली तेवढीच. तळाला एका बाजूला उतार द्या, पावसाचं पाणी साचता कामा नये. झाकणं दोन माणसांना उचलता येतील एवढ्या तुकड्यांत करा. मंगळवारच्या आधी छेदचित्र काढून पाठवतो.

रेक्टर_वसतिगृह

आणि शाफ्टला प्रत्येक मजल्यावर दार ठेवायला सांगा, प्लंबर आत उभा राहू शकेल असं. आमच्याकडे एक व्हॉल्व बदलायला भिंत फोडावी लागली होती.